अण्णांच्या अकरा बरण्या

आमच्या मागच्या अंगणातलं झाड वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, मोसंबी म्हणून लावलं होतं. रोप आणलं तेव्हा बुंध्यावर कलमाची गाठ होती. गाठीच्या वर मोसंबी, खाली जंबेरीचा, म्हणजे रानटी आंबट लिंबाचा, खुंट. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही मामाच्या मुलीच्या लग्नाला सोयगावला गेलो. चार दिवसांत परतू असं अण्णा म्हणत होते, पण आईनं मुक्काम बारा दिवसांवर नेला. परत आलो तर गाठीच्या वरचं सगळं वाळून गेलेलं. आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी. तरी अण्णांनी भांडी धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवून झाड जगवलं. जगला तो खालचा खुंट. तीन-चार वर्षांनी त्याला खडबडीत, जाड सालीची, बियांनी गच्च भरलेली फळं लागली. एक फोड चोखली तरी दात आंबायचे.

"आयुष्यात एक झाड लावलं, तेबी भलतंच निघालं," आई म्हणाली.

सोयगावच्या बारा दिवसांचा विषय अण्णांनी काढला नाही. मीही काढला नाही.

अण्णा वैजापूरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. रोज सकाळच्या एसटीनं जायचे, संध्याकाळी यायचे. प्रयोग शिक्षक करायचे. अण्णा साहित्य मांडायचे आणि तास संपला की परीक्षानळ्या धुवून स्टँडला उलट्या लावायचे. आई सरकारी कचेरीत होती, त्यांच्यापेक्षा वरच्या हुद्द्यावर. तिच्या माहेरी जमीन, विहिरी, चार भाऊ. अण्णांचं स्थळ तिच्या वडिलांनी कोणाच्या तरी शब्दाखातर स्वीकारलं होतं, आणि हे ती मला जेवताना सांगायची, अण्णा समोर बसलेले असताना. मी त्यांची एकुलती एक मुलगी. घरात कोणाची बाजू घेतली की दिवस सुखाचा जातो, हे मला लहानपणीच कळलं होतं.

अण्णा निवृत्त झाले त्या हिवाळ्यात झाड वाकेपर्यंत लगडलं. रोज टोपलीभर फळं खाली पडायची. अण्णा पिशव्या भरून हर्सूलच्या आमच्या गल्लीत घरोघर देऊन आले. पहिल्या आठवड्यात लोकांनी हसून घेतली. दुसऱ्या आठवड्यात फाटकं उघडेनाशी झाली. एका सकाळी मी स्कूटीवरून ऑफिसला निघाले, तर कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटमध्ये आमची पिशवी उपडी पडलेली आणि अण्णा वाकून फळं वेचत होते. मी गाडी थांबवली नाही. संध्याकाळी आईला सांगितलं, कारण मला ठाऊक होतं, तिला ते आवडेल. ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

मार्मालेडची, म्हणजे सालीसकट करायच्या जॅमची, कल्पना त्यांना शाळेतल्या एका निवृत्त शिक्षकांनी दिली. मोबाईलवर त्यांनी दहा-बारा व्हिडिओ पाहिले आणि जुन्या डायरीत पानभर टिपणं काढली. मग औरंगपुऱ्याच्या बाजारातून लांब काचेचा थर्मामीटर आणला. साली सोलून बारीक चिरायच्या, पाण्यात भिजवायच्या, दोनदा पाणी बदलायचं, बिया मलमलच्या फडक्यात बांधून त्याच पाण्यात सोडायच्या. बियांमुळं ते घट्ट होतं, असं ते मला समजावत होते. मी मोबाईल बघत "हं हं" करत होते.

पहिल्या खेपेला त्यांनी साली शिजायच्या आधीच साखर घातली. साली चामड्यासारख्या झाल्या आणि पाक इतका आळला की चमचा रुतून बसला. आई ती बरणी कचेरीत घेऊन गेली. डब्याच्या वेळी तिनं ती टेबलावर उलटी धरली, आतलं काही हललं नाही, आणि सगळ्या बायका हसून हसून बेजार झाल्या. हे तिनं घरी येऊन साभिनय सांगितलं. अण्णा लसूण सोलत होते.

"साखर आधी पडली," ते म्हणाले. "आता कळलं."

दुसरी खेप कडू झाली. त्या दिवशी अण्णा फ्रिजमधली गार बशी समोर घेऊन, तिच्यावर थेंब टाकून, तो बोटानं हळूच ढकलून बघत होते. सुरकुती पडली की झालं, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. चष्मा कपाळावर, एका हातात टॉर्च, नाक बशीला टेकायला आलेलं. मी दारातून व्हिडिओ काढला आणि खाली 'शास्त्रज्ञ' असं लिहून आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. पंधरा मिनिटांत हसण्याची रांग लागली. एका मामानं लिहिलं, "दाजी, नोबेल कधी?" अण्णाही त्या ग्रुपवर होते, हे माझ्या लक्षात होतं. संध्याकाळी त्यांनी व्हिडिओखाली एक अंगठा टाकला.

पुढच्या हिवाळ्यात त्यांना ते जमलं. खरंच जमलं. नारिंगी, पारदर्शक, आत सालीचे केसाएवढे काप तरंगणारे, आधी गोड मग आंबट आणि अगदी शेवटी जिभेच्या मुळाशी जरासं कडू. मी ते ब्रेडला लावून खाल्लं आणि म्हणाले, "ठीक आहे." आई म्हणाली, "आपल्याला नाय बाई असलं सालपट आवडत." दोन दिवसांनी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर ती ओट्याजवळ उभी राहून बरणीत बोट घालून चाटत होती. मला बघून तिनं बोट पदराला पुसलं.

"कडूच आहे," ती म्हणाली.

त्याच महिन्यात मला बघायला पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक आत्या. मी तेव्हा तीस वर्षांची होते, वाळूजच्या एका कंपनीत कामाला होते आणि हे सहावं की सातवं स्थळ होतं. पोहे झाले, चहा झाला. तेवढ्यात अण्णा आतून काचेच्या वाटीत मार्मालेड आणि ताटलीत खारी घेऊन आले. आईला हे माहीत नव्हतं. मुलाच्या आईनं खारीवर घेऊन चाखलं, परत घेतलं.

"हे काय आहे हो?" तिनं विचारलं. "लई चांगलं लागतंय."

अण्णांना आजवर कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. ते बोलू लागले. जंबेरी म्हणजे काय, साली किती वेळ भिजवायच्या, पाक किती अंशांवर उतरवायचा. कधी नव्हे ते त्यांचे हात हवेत फिरत होते. मुलाचे वडील मन लावून ऐकत होते. आईचा चेहरा आवळत गेला. तिनं माझ्याकडं पाहिलं. आणि मी, अगदी गोड आवाजात, म्हणाले, "अण्णांना आता एवढाच उद्योग आहे. घरात कोणी खात नाही, पण आम्ही त्यांचं मन राखतो."

"आयुष्यभर शाळेच्या नळ्या धुतल्या," आई म्हणाली, "आता बरण्या धुतात."

सगळे हसले. मुलाच्या आईनं हातातली खारी ताटलीच्या कडेला ठेवली. अण्णाही हसले आणि वाटी उचलून आत घेऊन गेले. जाताना थोडंसं त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. पाहुणे जाईपर्यंत ते बाहेर आले नाहीत.

चार दिवसांनी मुलाचा मला फोन आला. तो भला माणूस होता. त्यानं सरळ सांगितलं, की त्याचं दुसऱ्या मुलीशी जमलेलं आहे, घरच्यांना अजून सांगायची हिंमत झालेली नाही, तुम्ही कृपया मनाला लावून घेऊ नका. मी गच्चीवर उभी राहून बोलले आणि खाली आले. घरात कोणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा एकदा मला कोणीतरी नाकारलंय, हे आईच्या तोंडून ऐकावं लागलं असतं. महिनाभर तिकडून निरोप आला नाही, तेव्हा आईनं आपलं कारण शोधून काढलं.

"सालपटं खाऊ घातली पाहुण्यांना! कोण देईल असल्या घरात पोरगा?" ती अण्णांना म्हणाली. "पोरीचं वाटोळं केलं तुमच्या त्या बरणीनं."

हे ती एकदाच म्हणाली असती तर गोष्ट वेगळी. ती पुढं वर्षभर म्हणत राहिली. पाहुण्यांसमोर, फोनवर, भाजी निवडताना. अण्णा ऐकून घेत. मीही तिथंच असे आणि ऐकून घेई. मला गप्प बसणं फार सोपं गेलं, हे लिहिताना मला आता लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

त्यानंतरच्या हिवाळ्यात अण्णांनी स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं नाही. मागच्या ओट्यावर एका शेगडीचा छोटा गॅस मांडला. आठवडाभर ते तिथं साली चिरत, ढवळत बसलेले दिसायचे. चाखायला बोलवायचे नाहीत. आई म्हणाली, "बरं झालं, घरातला पसारा तरी गेला."

बरण्या कुठं गेल्या, ते आम्ही दोघींनी विचारलं नाही. एकदा मला माझं दहावीचं प्रमाणपत्र हवं होतं. अण्णा बाजारात गेले होते. खिळ्याला टांगलेली चावी घेऊन मी त्यांच्या पलंगाखालची लोखंडी ट्रंक उघडली. रजयांच्या मधोमध, वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून, अकरा बरण्या उभ्या ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी, त्यांच्या सुरेख वळणदार अक्षरात. शाळेतल्या रसायनांच्या बाटल्यांवर लिहायचे, तसंच. मी ट्रंक लावली. पण रजया पहिल्यासारख्या बसवता आल्या नसाव्यात. दुसऱ्या दिवशी चावी खिळ्यावर नव्हती.

पावसाळ्यात आईला कावीळ झाली. गल्लीत तीन-चार घरांत होती. आईला मात्र जोरात झाली. दोन दिवस दवाखान्यात सलाईन लावलं, मग घरी आणलं. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगाला सारखी खाज, आणि अन्नाचा वाससुद्धा नको. डॉक्टरांनी तेल-तूप बंद केलं होतं. गोड चालेल म्हणाले होते. उसाचा रस, मनुका, ताकभात, सगळं करून झालं. घास तोंडात गेला की ती थुंकायची.

"राख चावल्यासारखं होतंय," ती म्हणायची.

अण्णांनी तिचं सगळं केलं. ओकाऱ्या पुसल्या, चादरी धुतल्या, तिच्या पायांना खाज यायची तिथं ओल्या कपड्यानं पुसत बसले. बघायला आलेल्या मामी म्हणाल्या, "असा नवरा मिळायला भाग्य लागतं." आई डोळे मिटून पडलेली होती.

एका दुपारी मी रजा घेऊन घरी होते. कोमट पाण्याचा थर्मास घेऊन खोलीच्या दारात आले, तेवढ्यात आई म्हणाली, "अहो."

अण्णा चादरीची घडी घालत होते.

"तुमचा तो सालीचा... आहे का थोडा? चमचाभर द्या. त्यानं तोंडाला चव येईल असं वाटतंय."

अण्णांनी घडी पुरी केली. कोपरे जुळवले.

"संपला," ते म्हणाले.

"सगळा?"

"घरात कोणी खात नव्हतं. वाटून टाकला."

मग त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती, भीतीही नव्हती. पर्यवेक्षक परीक्षेच्या खोलीत पोरांकडं बघतो, तसं ते बघत होते. मी थर्मास टेबलावर ठेवला आणि बाहेर आले.

आईनं त्यानंतर पुन्हा मागितलं. "कोणाला दिला होता, त्यांच्याकडून थोडा आणा ना," म्हणाली. अण्णा म्हणाले, "बघतो." त्या दिवशी संध्याकाळी येऊन सांगितलं, "त्यांच्याकडचाही संपलाय." तिसऱ्यांदा मागताना ती रडली. माझ्या आईला मी तिच्या वडिलांच्या मृत्यूवरही रडताना पाहिलं नव्हतं. चमचाभर मार्मालेडसाठी ती पोरासारखी मुसमुसत होती, आणि अण्णा तिच्या तोंडावरून ओला रुमाल फिरवत म्हणत होते, "उगी. झाडाला फळं येऊ दे, करू आपण."

फळं यायला चार महिने होते.

मी दुकानातून संत्र्याच्या मार्मालेडची एक बाटली आणली. आईनं चमचा तोंडात घेतला आणि वाटीत थुंकली. "हा नाय," ती म्हणाली. "आपला कडू होता." मी सहज वळून पाहिलं. अण्णा दाराला टेकून उभे होते आणि हसत होते. ओठ किंचित एका बाजूला ओढून. ते हसू माझ्या ओळखीचं होतं. ते आईचं होतं.

मी त्यांना मागच्या ओट्यावर गाठलं.

"अण्णा, एक बरणी द्या तिला."

"कुठली बरणी?"

"ट्रंकेत आहेत. अकरा. मी पाहिल्यात."

"माहीत आहे," ते म्हणाले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चावी काढली, माझा हात धरला, पंजा उघडला आणि त्यावर चावी ठेवली. "जा. दे तिला. मी तिच्याशी खोटं बोललो, हेही सांग."

मी वळले.

"आणि त्या पोराच्या फोनचंही सांग," ते मागून म्हणाले. आवाज जराही चढला नव्हता. "गच्चीवर आला होता तो. मी टाकीत पाणी किती चढलंय ते बघायला आलो होतो. तुझं बोलणं ऐकलं."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वर्षभर आई त्यांना जे बोलली, त्यातल्या एकाही शब्दात तथ्य नाही आणि तोंड उघडून त्यांना सोडवू शकणारी मुलगी समोर बसून भात कालवते आहे, हे माहीत असताना ते जेवत होते, पाणी वाढत होते. मी विचारलं, "तुम्ही का नाही बोललात?"

"तू सांगशील म्हणून वाट पाहिली."

आत आई कण्हत होती. शेवटी मी चावी ओट्यावर, त्यांच्या शेजारी ठेवली. त्यांनी ती उचलून खिशात टाकली.

आई वाचली. दोन महिन्यांनी उठून हिंडायला लागली, पण निम्मी झाली होती. बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. तिची जीभही मंदावली होती, आणि मला वाटलं, बरं झालं, आता हे असंच मिटून जाईल.

दिवाळीच्या आधी घर आवरायला काढलं. रजयांना ऊन दाखवायचं होतं.

"ट्रंकेची चावी द्या," आई म्हणाली.

एखादी सबब ते सहज सांगू शकले असते. पण त्यांनी खिशातून चावी काढून दिली आणि पलंगावर बसून राहिले. आईनं ट्रंक ओढली, वरची रजई काढली, वर्तमानपत्राची एक पुडी सोडली. चिठ्ठीवरचा महिना वाचला. मग दुसरी सोडली, तिसरी. एकेक करत तिनं अकराही बरण्या जमिनीवर ओळीनं मांडल्या.

"मी मागत होते तेव्हा होत्या?"

"होत्या," अण्णा म्हणाले.

ती माझ्याकडं वळली. "तुला माहीत होतं?"

"नाही," मी म्हणाले.

अण्णा खाली फरशीकडं बघत राहिले. त्यांनी मला उघडं पाडलं नाही. त्यांनी तसं केलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं.

आईनं एका बरणीचं झाकण उघडलं, स्वयंपाकघरातून चमचा आणला आणि आमच्या समोर बसून सावकाश खाल्लं. एक चमचा, मग दुसरा. "चांगला झालाय," ती म्हणाली. "लई चांगला झालाय." इतक्या वर्षांत तिनं त्यांच्या कुठल्याच गोष्टीला असं म्हटलं नव्हतं. अण्णांचा चेहरा क्षणभर उजळला. मी तो पाहिला आणि आईनंही पाहिला. तिनं झाकण लावलं.

"चला," ती म्हणाली. "चप्पल घाला."

उरलेल्या दहा बरण्या दोन पिशव्यांत भरून तिनं त्यांच्या हातात दिल्या आणि ती पुढं निघाली. मी मागून गेले. गल्लीतलं पहिलं फाटक तिनं वाजवलं.

"आमच्या ह्यांनी केलाय," ती शेजारणीला सांगत होती. "मी काविळीत पडले होते ना, तेव्हा खास माझ्यासाठी राखून ठेवला. रोज चमचा चमचा भरवायचे. त्यावरच जगले मी."

"खरंच?" शेजारीण अण्णांकडं बघत म्हणाली. "काका, असं माणूस मिळत नाही हो."

आईनं वळून अण्णांकडं पाहिलं. "सांगा ना, कसा केला ते. सांगा यांना."

अण्णांनी मान खाली घातली. पिशवीतून एक बरणी काढून त्यांनी पुढं केली. शेजारणीला वाटलं, लाजले. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. प्रत्येक फाटकाशी आई तीच गोष्ट सांगत होती, आणि दर घराला ती थोडी वाढत होती. पाचव्या घरी अण्णा तिच्या उशाशी रात्रंदिवस बरणी घेऊन बसलेले होते. सहाव्या घरातल्या म्हातारबाबांनी अण्णांच्या पाठीवर थाप मारली. सातव्या घरातून निघताना अण्णा हळू आवाजात म्हणाले, "बस झालं गं."

"अजून तीन आहेत," आई म्हणाली आणि पुढचं फाटक वाजवलं.

घरी आलो तेव्हा तिचे पाय सुजले होते. अण्णांनी स्टूल पुढं ओढलं, टबात कोमट पाणी आणलं. तिनं पाय पाण्यात सोडले. त्यांनी विचारलं, "जेवायला वाढू?"

"वाढा," ती म्हणाली.

आम्ही तिघं जेवलो.

त्या हिवाळ्यात झाडाला पुन्हा भरपूर फळं आली. गल्लीतल्या बायका फाटकाशी येऊन विचारू लागल्या, काका, यंदा कधी? आई आतून ओरडून सांगायची, "करतायत, करतायत, हौसेनं करतात ते!" आणि अण्णांना करावं लागायचं. अजून करतात. साली चिरून चिरून त्यांच्या बोटांना भेगा पडल्यात, त्यात रस जातो. मी आता चिकलठाण्याला भाड्यानं राहते. रविवारी जाते तेव्हा ते मागच्या ओट्यावर असतात आणि आई खुर्ची टाकून शेजारी बसलेली असते. "बारीक चिरा," ती म्हणते. "लोक नावं ठेवतील." फोनचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. मागच्या रविवारी ती आत गेल्यावर मी विळीजवळ बसले आणि अण्णांना म्हणाले, "मी चिरू का थोडं?"

"नको," ते म्हणाले. "तुझ्या हातानं जाड होतं."